‘एअरटाइम’ला मराठीत काय लिहायचं? सहा कागद, सहा अर्थ

रामबागकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. अनुवादाला आलेल्या सहा कागदांत ‘एअरटाइम’ हा एकच शब्द आहे, आणि सहाही ठिकाणी तो वेगळ्या अर्थाने आलाय असं दिसतंय. कोशातलं ‘प्रसारणवेळ’ एका ठिकाणी चपखल बसतं, बाकी पाच ठिकाणी हसू येतं. वाक्यांचा आशय असा:

१. खासगी एफएम केंद्राचं दरपत्रक: एअरटाइम दहा सेकंदांच्या एककात मिळेल, एफसीटीच्या उपलब्धतेनुसार.
२. केनियातल्या एका संस्थेचा खर्चाचा तक्ता: क्षेत्रीय कर्मचारी, एअरटाइम, दरमहा ५०० शिलिंग.
३. राउटरची पुस्तिका: एअरटाइम फेअरनेस चालू / बंद. रिपीटर वापरत असल्यास बंद ठेवावे.
४. बिनतारी पाणीमीटरचं माहितीपत्रक: एका संदेशाचा एअरटाइम १.४८ सेकंद.
५. करमणूक उद्यानाचं पत्रक: या रोलर कोस्टरवर सात एअरटाइम टेकड्या.
६. प्रशिक्षण विमानाची नोंदवही: ‘ब्लॉक टाइम’ आणि ‘एअर टाइम’ असे शेजारी शेजारी दोन रकाने.

आयता प्रतिशब्द नसला तरी चालेल. प्रत्येक ठिकाणी घड्याळ कधी सुरू होतं, कधी थांबतं आणि पैसे कोण मोजतं एवढं कळलं की शब्द माझा मी शोधीन.

---

मध्यमलहर_६४८

पहिलं वाक्य दिसायला सोपं आहे, पण फसवतं तेच.

रेडिओवाला सेकंद विकतो. दर दहा सेकंदांचा असतो, म्हणून २० सेकंदांचा स्पॉट म्हणजे दोन एककं. राजवाड्याजवळच्या एखाद्या साडीवाल्याने २० सेकंदांचा स्पॉट रोज ८ वेळा, १० दिवस लावला, तर २० × ८ × १० = १६०० सेकंद, म्हणजे १६० एककं. दर समजा दहा सेकंदांना ₹१५० असेल तर ₹२४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ₹२८,३२०. (दर हिशेबापुरता घेतलाय. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या पट्ट्याचा दर दुपारपेक्षा चढा असतो.) जाहिरात १३ सेकंदांची भरली तर ती पुढच्या पाचावर नेतात की दहावर, हे दरपत्रकाच्या तळाला बारीक अक्षरांत असतं. तो नियम अनुवादात गाळू नका, भांडणं तिथेच होतात.

आता एफसीटी. पूर्ण रूप ‘फ्री कमर्शियल टाइम’. यातला ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, मोकळा. गाणी, निवेदन, बातम्या, प्रायोजकाची ओळख हे सगळं वजा जाता स्पॉट वाजवायला मोकळी राहिलेली सेकंदं म्हणजे एफसीटी. ‘मोफत जाहिरातवेळ’ असं लिहिलंत तर गिऱ्हाईक ते पत्रक घेऊन फुकट स्पॉट मागायला जाईल. ‘जाहिरातींसाठी मोकळा वेळ’ हे ठीक.

पुढे ‘मेक-गुड’ आलं असेल तर तो भरपाईचा स्पॉट: ठरलेल्या वेळी वाजला नाही, म्हणून त्याच तोलाच्या दुसऱ्या वेळी वाजवलेला. मॅच लांबली म्हणून सकाळी नऊचा स्पॉट दुपारी अडीचला वाजवला, तर ती भरपाई धरत नाहीत, पट्टा बदलला. पैसे देण्याआधी प्रसारणाचा दाखला मागायचा असतो. त्यात तारीख, वेळ आणि कालावधी स्पॉटगणिक लिहिलेला असतो.

मराठीत आणखी एक बारकावा. रेडिओचं ‘प्रसारण’, टीव्हीचं ‘प्रक्षेपण’, आणि दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम आपल्या केंद्रावरून त्याच वेळी द्यायचा ते ‘सहक्षेपण’. ही वाटणी आकाशवाणी-दूरदर्शनच्या निवेदकांनी रूढ केली आणि कानाला बसली आहे. म्हणून रेडिओच्या कागदात ‘प्रक्षेपणवेळ’ नको. माझा शब्द: जाहिरातीची प्रसारणवेळ, आणि पुढे नुसतं ‘वेळ’.

टीव्हीचा कागद असता तर तासाला १२ मिनिटांची मर्यादा आली असती: १० मिनिटं जाहिराती, २ मिनिटं वाहिनीची स्वतःची जाहिरात. केबल टेलिव्हिजन नियमांतली ही अट टीव्ही वाहिन्यांसाठी आहे, रेडिओच्या अनुवादात घुसडू नका.

---

जेलरोडचा_भिया

दुसऱ्या वाक्यात रेडिओ नाही, टीव्हीही नाही. भिया, तो सरळ मोबाइलचा बॅलन्स आहे. केनिया, युगांडा, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका या पट्ट्यात ‘एअरटाइम’ म्हणजे प्रीपेड फोनमध्ये भरलेले पैसे. ब्रिटनमध्ये त्यालाच ‘क्रेडिट’ म्हणतात, अमेरिकेत ‘मिनिटं’, आपल्याकडे ‘टॉकटाइम’ किंवा ‘बॅलन्स’. तक्त्यात ‘मोबाइल रिचार्ज भत्ता’ लिहा आणि मोकळे व्हा. ‘इंटरनेट भत्ता’ मात्र लिहू नका. एअरटाइममधून डेटा पॅक घेता येतो, पण तो कर्मचाऱ्याच्या मर्जीचा भाग.

तिथे एअरटाइम आणि मोबाइलमधले पैसे या दोन गोष्टी आहेत, हेही सांभाळा. सफारीकॉम कंपनीच्या एम-पेसामधले पैसे (ही सेवा २००७ मध्ये सुरू झाली) दुकानात जाऊन रोख काढता येतात. एअरटाइम फक्त फोनवर खर्च होतो. तो एका नंबरवरून दुसऱ्या नंबरला पाठवता येतो, त्या सोयीचं नाव ‘सांबाझा’, स्वाहिलीत पसरणे, वाटणे. तक्त्यात एअरटाइम आणि एम-पेसा अशा दोन ओळी असतील तर एकत्र करू नका. एक भत्ता आहे, दुसरी रक्कम.

आपल्याकडे हा शब्द बिलातून गेला, पण एके काळी होता. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा. त्या काळच्या बिलांत ‘एअरटाइम’ आणि ‘पीएसटीएन’ अशा दोन आकारण्या वेगवेगळ्या यायच्या: पहिली टॉवर ते हँडसेट या हवेतल्या टप्प्याची, दुसरी पुढच्या लँडलाइन जाळ्याची. फोन आला तरी एअरटाइम लागायचा, कारण हवा तर दोन्ही बाजूंनी वापरली जाते. म्हणून लोक नंबर बघून फोन कापायचे आणि समोरच्या पीसीओवरून उलट लावायचे. २००३ मध्ये फोन करणाऱ्याने पैसे द्यायचे ही पद्धत आली आणि येणारे कॉल फुकट झाले.

घड्याळ कधी सुरू होतं असं विचारलंय म्हणून: समोरच्याने उचलल्यावर. रिंग वाजत असतानाचा वेळ धरत नाहीत. थांबतं ते पल्सच्या, म्हणजे आकारणीच्या एककाच्या हिशेबाने. ६० सेकंदांचा पल्स असेल तर ६१ सेकंदांचा कॉल दोन मिनिटांचा होतो, एक सेकंदाचा पल्स असेल तर ६१ सेकंदांचाच.

आणि काउंटरवर रोज विचारला जाणारा प्रश्न: दहाच्या रिचार्जवर ₹७.४७ च का? मधले पैसे दुकानदार खात नाही. ₹१० मध्ये जीएसटी धरलेला असतो. १० भागिले १.१८ म्हणजे ₹८.४७, कर गेला ₹१.५३. मग प्रक्रिया शुल्क: दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमाने छापील किमतीच्या १० टक्के किंवा ₹३, जे कमी असेल ते. दहावर ₹१. उरले ₹७.४७. तसंच ₹२० वर ₹१४.९५, आणि ₹१०० वर शुल्क ₹१० न लागता ₹३ वरच थांबतं म्हणून ₹८१.७५. मोठं टॉप-अप परवडतं ते एवढ्याचसाठी.

---

बिनतारी_पलासिया

तिसरं आणि चौथं माझ्याकडे. दोन्ही बिनतारी, पण कथा वेगळी.

राउटर. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. घरात दहा उपकरणं असतील तर दहाही जण एकाच नळावर रांगेत उभी. एअरटाइम म्हणजे नळ कोणाच्या हंड्याखाली किती वेळ राहिला तो काळ. किती पाणी भरलं ते वेगळं, आणि सगळी गफलत तिथेच होते.

आकडे घेऊ. १५०० बाइटचं एक पॅकेट म्हणजे १२,००० बिट. ५४ मेगाबिटने पाठवलं तर ०.२२ मिलिसेकंद. दूरच्या खोलीतला जुना फोन १ मेगाबिटवर घसरला असेल तर त्याच पॅकेटला १२ मिलिसेकंद. आता राउटरने ‘तुझं एक, त्याचं एक’ अशी पॅकेटं वाटली तर दर १२.२२ मिलिसेकंदांत दोघांना एकेक पॅकेट मिळतं, म्हणजे दोघांचाही वेग जेमतेम १ मेगाबिट. दिवाणखान्यातला चांगला लॅपटॉप विनाकारण रखडतो. एअरटाइम फेअरनेस चालू केलं की राउटर पॅकेटं न वाटता वेळ वाटतो, दोघांना निम्मा निम्मा. लॅपटॉपला २७ मेगाबिट, जुन्या फोनला अर्धा. (वरचा पसारा आणि पोचपावत्यांचा वेळ सोडून दिलाय, प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून कमी येतात.)

जुन्या फोनचा वेग निम्मा झाला हे लक्षात घ्या. म्हणून हे सेटिंग लावलं की वायफाय बल्ब, जुना प्रिंटर, दारावरचा कॅमेरा तुटायला लागतात आणि लोक राउटरला शिव्या देतात. शिवाय राउटर फक्त स्वतः पाठवतो तेवढ्याचीच वाटणी करतो. जुना फोन व्हिडिओ वर चढवत असेल तर बऱ्याच राउटरांचं त्यावर काही चालत नाही.

रिपीटरवाल्या (राउटरचा सिग्नल पुढच्या खोल्यांत पोचवणारं यंत्र) सूचनेचं कारणही हेच. रिपीटरमागे चार उपकरणं असली तरी राउटरला ते एकच गिऱ्हाईक दिसतं. समान वाटणीत त्या चौघांना मिळून एक हिस्सा आणि राउटरजवळच्या एकट्या टीव्हीला एक अख्खा. बंद ठेवा म्हणतात ते यासाठी.

खरं तर या सेटिंगला हात लावण्याआधी हवा साफ करावी. रामबागेत वाड्याला वाडा चिकटून आहे, एका खोलीत शेजारपाजारची दहा-बारा नेटवर्कं दिसतात. क्रम असा:

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको. चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच. ‘३ मोकळा दिसतोय’ म्हणून तिथे जाल तर १ वाल्यांचाही गोंगाट येतो आणि ६ वाल्यांचाही, आणि त्यांच्याशी नीट रांगही लावता येत नाही. मग ८०२.११बी या जुन्या वायफाय मानकाचे वेग बंद करा. हे महत्त्वाचं, कारण प्रत्येक नेटवर्क स्वतःच्या नावाची हाळी दर १०२.४ मिलिसेकंदांनी देत असतं आणि ती सर्वांत हळू वेगाने देतं. ३०० बाइटची हाळी १ मेगाबिटवर अडीच मिलिसेकंद खाते, म्हणजे चॅनेलचा सुमारे अडीच टक्के वेळ. ‘घर’, ‘पाहुणे’, ‘ऑफिस’, ‘कॅमेरा’ अशी चार नावं काढलीत तर कोणी काही न वापरताच दहा टक्के हवा गेली. किमान वेग ६ मेगाबिट केला की तीच हाळी अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत उरकते. नावं कमी करा, टीव्हीला केबल लावा. एवढं करून भागलं नाही तर फेअरनेस.

अनुवादात ‘एअरटाइम फेअरनेस’ तसंच ठेवा. पडद्यावर तीच अक्षरं दिसतात, ‘न्याय्य प्रसारणवेळ’ लिहिलंत तर वाचणारा मेन्यूत शोधत बसेल. खाली एक ओळ द्या: ‘प्रत्येक उपकरणाला समान पॅकेटांऐवजी समान वेळ देण्याची सोय.’

पाणीमीटर. १.४८ सेकंद हा आकडा वाचूनच कळतं की मीटर लोरावॅनवर (कमी विजेवर लांब पल्ल्याचे छोटे संदेश पाठवणारं बिनतारी तंत्र) आहे आणि आकडा सर्वांत हळू, लांब पल्ल्याच्या सेटिंगचा, म्हणजे एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर) १२ चा. १० बाइटचा मजकूर आणि १३ बाइटचं वेष्टन, १२५ किलोहर्ट्झ रुंदी, हे गणित केलं की १.४८ येतात. तोच संदेश एसएफ ७ वर ०.०६२ सेकंदात जातो, चोविसाव्या भागात. घड्याळ पहिल्या सूचक लहरीपासून शेवटच्या चिन्हापर्यंत. मीटर उत्तराची वाट बघत जागा असतो तो वेळ यात नाही, पण बॅटरी तिथेही जळते, म्हणून ‘एअरटाइम’ आणि ‘जागा असण्याचा वेळ’ एक करू नका.

इथे पैसे मोजत नाहीत, पण शिधा असतो. द थिंग्ज नेटवर्क या सार्वजनिक जाळ्यावर प्रत्येक उपकरणाला दिवसाला ३० सेकंद पाठवण्याची मुभा. १.४८ ने भागा: दिवसाला २० संदेश. म्हणजे ‘दर तासाला वाचन’ (२४ संदेश) या सेटिंगवर बसतच नाही. एसएफ ७ वर ४८६ बसतात. मीटर जमिनीखालच्या चौकटीत, वर लोखंडी झाकण असलं की सिग्नल अडतो, जाळं त्याला वरच्या एसएफवर ढकलतं आणि तासाचं वाचन गळायला लागतं. माहितीपत्रकात हा आकडा नुसता छापला असेल तर तळटीप द्या की तो कोणत्या सेटिंगचा, नाहीतर वाचणारा तो कायमचा धरून चालेल.

शब्द म्हणाल तर संदेश हवेत असण्याचा काळ. लांब आहे, पण चुकत नाही.

---

पाळणेवाला

पाचवं: पोटात गोळा येतो ना, तो.

रोलर कोस्टरची गाडी टेकडी ओलांडते तेव्हा रूळ खाली वळतात, पण अंग सरळच जायला बघतं. सीटवरचा भार कमी होतो, शून्य होतो, किंवा उलटा होऊन माणूस मांडीवरच्या दांड्याला खालून टेकतो. हे जितका वेळ चालतं तो एअरटाइम. वेग किती असला की असं होतं? टेकडीच्या माथ्याची त्रिज्या १५ मीटर धरा. ताशी ४४ किलोमीटरला वजन बरोबर शून्य. ताशी ५४ केलंत तर उणे अर्धा जी, म्हणजे ६० किलोचा माणूस ३० किलोच्या जोराने वर उचलला जातो. पहिल्या प्रकाराला शौकीन ‘फ्लोटर’ म्हणतात, दुसऱ्याला ‘इजेक्टर’. पत्रकात असतील तर ‘तरंगवणारी’ आणि ‘उचलून फेकणारी’ असं फोडून लिहा.

मोठ्या पहिल्या उतारावर मागचा डबा जास्त उचलतो: पुढचे डबे उताराला लागून वेग घेतात तेव्हा मागचा अजून माथ्यावर असतो आणि ओढला जातो. दांडा पोटावर न ठेवता मांडीवर घट्ट बसवायचा. सैल राहिला तर माणूस वर उठून त्यावर आपटतो. खिशातला फोन, गॉगल, पायातली चप्पल इथेच उडते, कारण त्यांना दांडा नसतो.

‘एअरटाइम टेकडी’ला अधांतर टेकडी म्हणा. ‘सात अधांतर टेकड्या’ वाचायलाही बरं. ‘प्रसारण टेकडी’ लिहिलंत तर लोक वर टॉवर शोधतील.

---

उडीमापक

सहात नाही, पण पाचव्याचा चुलतभाऊ म्हणून: खेळातही एअरटाइम असतो, पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंत. फोनवरची उडी मोजणारी अ‍ॅप्स उंची मोजत नाहीत, हा वेळ मोजतात आणि त्यावरून उंची काढतात: वेळेचा वर्ग गुणिले ९.८१ भागिले ८. अर्धा सेकंद म्हणजे ३१ सेंटिमीटर, ०.६ सेकंद म्हणजे ४४. वेळेतली बारीक चूक उंचीत अशी फुगते. सेकंदाला ३० चौकटींच्या चित्रणात एक चौकट इकडची तिकडे झाली की ०.६ सेकंदांच्या उडीत पाच सेंटिमीटरचा फरक, म्हणून २४० चौकटींवर चित्रण करायचं. आणि गुडघे दुमडून उतरलं की पाय उशिरा टेकतात, उडी न वाढता आकडा वाढतो. मुलं हे लगेच शिकतात, तेव्हा सरळ पायांनीच टेकायला लावा.

ट्रॅम्पोलिनच्या स्पर्धांत तर हवेतला वेळ थेट गुणांत धरतात.

---

बिजासन_धावपट्टी

सहावं. इथे चूक झाली तर कोणी हसणार नाही, त्यामुळे नीट वाचा.

ब्लॉक टाइम: उड्डाणासाठी विमान जागचं हललं तेव्हापासून शेवटी थांबलं तोपर्यंत. एअर टाइम: चाकं धावपट्टीवरून सुटली तेव्हापासून परत टेकली तोपर्यंत. उदाहरण: १०:०० ला हललं, १०:१४ ला उडालं, ११:०२ ला टेकलं, ११:१० ला थांबलं. ब्लॉक १ तास १० मिनिटं, एअर ४८ मिनिटं.

दोन रकाने का, तर दोघांची गिऱ्हाइकं वेगळी. वैमानिकाच्या स्वतःच्या नोंदवहीत ब्लॉक धरतात, व्यावसायिक परवान्याचे २०० तास त्यातूनच भरतात. विमानाच्या आणि इंजिनाच्या देखभालीचे तास हवेतल्या वेळेवर चालतात: ५० तासांची, १०० तासांची तपासणी, इंजिन उघडण्याची मुदत. रकाने उलटे झाले तर तपासणी लवकर आली म्हणून पैसे जातात किंवा परवान्याचे तास कमी भरतात.

एक अडचण: ‘उड्डाणकाळ’ हा शब्द मोहात पाडेल. पण नियमांत ‘फ्लाइट टाइम’ची व्याख्याच ब्लॉकची आहे, हललं ते थांबलं. म्हणून ‘एअर टाइम’ला उड्डाणकाळ लिहिणं चूक. हवेतला वेळ लिहा आणि ब्लॉकला ‘ब्लॉक टाइम’च राहू द्या.

तिसरा रकाना ‘टॅक’ किंवा ‘हॉब्ज’ असेल तर ती दोन मीटरं आहेत. हॉब्ज घड्याळासारखं चालतं, ते कशावर सुरू होतं (तेलाचा दाब, मास्टर स्विच) हे विमानागणिक वेगळं. टॅक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतं आणि ठरावीक फेऱ्यांवरच खरा तास दाखवतं, जमिनीवर संथ चालताना मागे पडतं. दोघांपैकी कोणीही ‘एअर टाइम’ नाही.

---

रामबागकर

सगळ्यांचे आभार. भिया, तक्त्यात खरंच एम-पेसाची वेगळी ओळ होती, मी ती एअरटाइममध्ये मिळवून मोकळा झालो होतो. एफसीटीसमोरचं ‘मोफत’ खोडलं.

सध्याची यादी: जाहिरातीची प्रसारणवेळ, मोबाइल रिचार्ज भत्ता, एअरटाइम फेअरनेस (तसंच), संदेश हवेत असण्याचा काळ, अधांतर टेकडी, हवेतला वेळ.

दोन शंका. सातवा कागद आलाय, निवडणुकीतल्या पक्षांच्या ‘एअरटाइम’वर. आणि त्यातच ‘अमुक नेत्याला जास्त एअरटाइम मिळतो’ असंही वाक्य आहे. दोन्हीला प्रसारणवेळ?

---

मध्यमलहर_६४८

पहिल्याला हो, दुसऱ्याला नाही.

पहिला एअरटाइम विकाऊ नसतो. आकाशवाणी आणि दूरदर्शनवर राष्ट्रीय पक्षांना आणि मान्यताप्राप्त राज्य पक्षांना निवडणूक आयोग तो वाटून देतो. विधानसभेला प्रत्येकी किमान ४५ मिनिटं, त्यावर मागच्या निवडणुकीतल्या मतांच्या हिशेबाने जादा. एका वेळी १५ मिनिटांहून जास्त नाही. कोणाचा नंबर कोणत्या दिवशी, हे सोडत काढून. भाषणाची संहिता आधी द्यावी लागते. पूर्वी कागदी ‘टाइम व्हाउचर’ मिळायची, २०२३ पासून हे वाटप संगणकावर आलं. ‘विनामूल्य प्रसारणवेळ’ इथे अगदी बरोबर. एफसीटीत चुकलेला ‘मोफत’ इथे वापरून टाका.

दुसऱ्यात कोणी कोणाला मोजून वेळ देत नाही. मराठीत आपण ‘वाहिन्यांवर तेच जास्त दिसतात’ किंवा ‘त्यांनाच जास्त बोलू देतात’ असं म्हणतो. पण दिसणं आणि बोलू देणं यांत फरक आहे, मूळ परिच्छेद चर्चेचा आहे की बातम्यांचा ते बघून निवडा. आणि कुठे ‘एअरप्ले’ आलं तर ते निराळं: गाणं किती वेळा वाजलं ते. सेकंदांत नव्हे, खेपांत मोजतात.

---

बिजासन_धावपट्टी

यादी ठीक. फक्त त्या नोंदवहीतले आकडे उतरवताना एक बघा. रकाना दशांशात असेल तर ४८ मिनिटं म्हणजे ०.८ आणि १ तास १० मिनिटं म्हणजे १.१७, वहीत १.२. तिथे ‘१.१०’ लिहिलेलं दिसलं तर ते १ तास ६ मिनिटं आहेत की १ तास १० मिनिटं चुकीच्या पद्धतीने लिहिलीत, हे हलल्या-थांबल्याच्या वेळा वजा करून आधी तपासा, मग टाइप करा.